हातगुण

आप्पा धुरींनी उलटी काठी रोवली तरी तिला पालवी फुटते, असं मुणगवलीत लोक म्हणत, आणि आप्पांनी ते खोटं आहे असं कधी म्हटलं नव्हतं. साठ वर्षं आंब्याची कलमं बांधलेल्या माणसाला एवढा मान घ्यायचा हक्क आहे. बाकीच्यांची शंभरात सत्तर कलमं लागली तर ते सत्यनारायण घालायचे. आप्पांची पंच्याण्णव लागायची, आणि उरलेली पाच का गेली याचा विचार करत ते आठवडाभर बायकोशी धड बोलायचे नाहीत.

म्हणून त्या मुलखात एक रीत पडली होती. श्रावणातल्या पहिल्या सोमवारी रोपवाटिकांचे मालक नारळ आणि पिशवीतलं एक रोप घेऊन आप्पांच्या पडवीत यायचे. हंगामाचं पहिलं कलम आप्पांच्या हातचं झालं की वर्ष चांगलं जातं. आप्पा परसातल्या जुन्या हापूसची, आपल्या मातृवृक्षाची, काडी आणायचे. रोपाचा शेंडा उडवायचे, मधोमध चीर द्यायचे, काडीला पाचर काढायचे आणि पट्टी सोडवेपर्यंत ती काडी ओठांत धरायचे. "तोंडातली ओल लागता तेका," असं त्यांचं शास्त्र. एक झालं की चाकू मांडीवरच्या पंच्याला पुसायचा आणि पुढचं घ्यायचं. दर कलमामागे पातं औषधात बुडवावं असा सरकारी नियम होता. औषधाच्या वासाने काडी रुसते, असं आप्पा म्हणायचे. पंच्याण्णववाल्याला नियम शिकवायला कोण जाणार?

मालक जाताना मातृवृक्षाच्या आणखी दहावीस काड्याही ओल्या फडक्यात गुंडाळून न्यायचे. परवान्याशिवाय काडी हलवायची नाही असा कायदा झाल्यापासून हे नेणं गुपचूप होऊ लागलं, एवढाच फरक.

मग दोन हजार त्रेचाळीसच्या माघात, ऐन मोहोरात, खाडीच्या अलीकडची झाडं सुकायला लागली. आज हिरवं असलेलं झाड पंधरा दिवसांत तांबूस व्हायचं. पानं गळतसुद्धा नसत, वाळून तशीच लटकत राहत. खोडातून काळा चीक ओघळायचा. झाड उभ्याउभ्या मरायचं म्हणून लोकांनी रोगाला नाव दिलं उभी मर. वैशाखापर्यंत अलीकडच्या नऊ गावांतली निम्मी कलमं गेली. औषध नव्हतं. आजही नाही.

आषाढात वृषाली आली. आप्पांची एकुलती एक मुलगी, एका मोठ्या बंदरावरच्या वनस्पती तपासणी केंद्रात अधिकारी. परदेशातून येणारी रोपं, बिया, लाकूड तपासायचं तिचं काम. मुलूख तिचा म्हणून तिलाच इकडे पाठवलं होतं, आणि तिच्याबरोबर जेवणाच्या डब्याएवढं एक यंत्र दिलं होतं.

यंत्राचं काम समजायला सोपं होतं. उभी मर ही बुरशी आहे. ती झाडाच्या पाणी वाहणाऱ्या नळ्यांत राहते, चारपाच वर्षं, जुन्या जाड खोडात दहादहा वर्षंही, गप्प पडून असते आणि मग एकदम नळ्या बुजवते. ती वाढताना तिच्या पेशी आपल्या आतल्या मजकुराची नक्कल करत जातात, आणि नक्कल म्हटली की चूक आलीच. पूर्वी पोथ्या हाताने उतरवून घेत तेव्हा एकाने केलेली चूक त्याच्यावरून उतरवणाऱ्या सगळ्यांच्या पोथीत जायची. चुका जुळवून बघितल्या की कोणी कोणाची पोथी उतरवली ते कळायचं. डबा तेच करायचा. सामत्याने खोडाला भोक पाडायचं, चिमूटभर भुसा डब्यात टाकायचा. चाळीस मिनिटांत डबा त्या झाडातल्या बुरशीच्या चुका वाचायचा आणि रोग कुठल्या झाडातून कुठल्या झाडात गेला त्याची वंशावळ मांडून द्यायचा. ज्या झाडातल्या बुरशीत चुका सर्वांत कमी, ते मूळ.

आजवर रोग आला की लोक देवाला दोष देत. आता डबा झाडाचं नाव घेऊन सांगत होता, आणि झाड म्हटलं की मालक आला. गावकऱ्यांनी त्याला 'कौलाचो डबो' म्हणायला सुरुवात केली. देवळातल्या कौलावर निदान वाद घालता येतो.

पहिल्याच दिवशी वृषाली घरी आली तेव्हा आप्पांनी नेहमीसारखी तिच्या पाठीवर थाप मारली. "इलंस? बरा झाला. आधी माझी झाडां तपास आणि ह्या लोकांक सांग. माझ्या परसात एक पान सुकलेला नाय."

खरंच सुकलं नव्हतं. तिने आधी मातृवृक्षाचा भुसा घेतला. मग सहज, कोणी न सांगता, गोठ्यामागच्या बुटक्या आंब्याचाही घेतला.

बुटका आंबा तिनेच आणून दिलेला होता. नऊ वर्षांपूर्वी आप्पा आंबे उतरवायचा झेला घेऊन झाडावर चढले, फांदी मोडली आणि पाय कायमचा अधू झाला. त्याच सुमारास बंदरावर परदेशातून बुटक्या आंब्याची रोपं आली होती. पुरुषभर उंचीचं झाड, जमिनीवर उभं राहून फळ काढायचं. तपासणीसाठी काढलेले नमुने काम झालं की जाळून टाकायचे असतात. वृषालीने त्यातल्या दोन काड्या जाळल्या नाहीत. तपासणीत त्या स्वच्छ ठरल्या होत्या, कागदावर शिक्का होता. आप्पांना आता झाडावर चढायला नको, एवढंच तिच्या मनात होतं. आप्पांनी त्याच सकाळी त्या काड्या बांधल्या, चाकू पंच्याला पुसला आणि मातृवृक्षाच्या काड्या काढायला गेले.

नऊ गावांतले नमुने केंद्राने आधीच मागवून वाचलेले होते; त्यांत हे दोन घालून डब्याने चाळीस मिनिटांनी मांडून दाखवलं. अलीकडच्या नऊ गावांतल्या सगळ्या फांद्या मातृवृक्षाला येऊन मिळत होत्या. आणि मातृवृक्षाच्या खाली, एकुलतं एक मूळ, गोठ्यामागचा बुटका. तो मात्र हिरवागार उभा होता. त्याच्या देशात ही बुरशी आणि तो हजारो वर्षं एकत्र नांदत आलेले. ती त्याला मारत नव्हती, म्हणून तर बंदरावर कोणाला संशय आला नव्हता. आपल्या हापूसने ती जन्मात बघितली नव्हती.

वृषालीने डबा मिटला. तिला कळलं, आणि कळल्याक्षणी तिने ठरवलं की एवढ्यात बोलायचं नाही. नोकरी जाईल, खटला होईल, हे तर होतंच. पण खरं सांगायचं तर तिला लाज वाटली. बुटक्याच्या नमुन्यावर तिने 'खराब' अशी खूण केली. बाकीची वंशावळ वर पाठवली. त्यात मूळ म्हणून आप्पांच्या मातृवृक्षाचं नाव होतं.

दुसऱ्या दिवशी तो तोडला. बातमी खाडीकाठाने फिरली.

"आमच्या झाडांक ह्येंच्याच हातान मर लागली," ग्रामपंचायतीच्या पायरीवर कोणीतरी म्हणालं, आप्पांना ऐकू जाईल असं. काल ज्या पायांवर डोकी टेकत होती त्या पायांची माती आज कोणाला चालेना. दुधाला येणारी शेजारीण यायची थांबली. आप्पा ऐकून घेत. एका शब्दाने त्यांनी उलट उत्तर दिलं नाही, आणि वृषालीही शेजारी बसून गप्प राहिली.

खाडीच्या पलीकडे मात्र अजून एकही झाड सुकलं नव्हतं. पलीकडे सात गावं, दोन लाख झाडं आणि मुलखातल्या सगळ्यांत मोठ्या रोपवाटिका. वृषालीच्या वरिष्ठ बर्वेबाई फोनवर रोज तेच सांगत.

"हा रोग उडत नाही, पोहत नाही. त्याला नेणारा माणूस लागतो. पलीकडे कुठल्या झाडांना तुझ्या वडिलांच्या काड्या गेल्यात ते कळलं, तर तेवढी झाडं आणि आजूबाजूची शंभर मीटर तोडून बाकी वाचवता येतील. एका रोपवाटिकेचं नाव दे, मी दुपारच्या आत विक्री बंद करते. पण पुराव्याशिवाय मला रोपवाटिकेचा विक्रीचा हिरवा शिक्का काढून घेता येत नाही."

"डब्याने तपासलं तर?"

"चाळीस मिनिटं गुणिले दोन लाख, आणि जिल्ह्यात डबे तीन. विचार वडिलांना."

मालक स्वतःहून सांगणं शक्य नव्हतं. माझ्याकडे आप्पांचं कलम आहे, या आणि तोडा, असं कोण म्हणेल? सगळं आप्पांच्या डोक्यात होतं. साठ वर्षांत कोणाला कुठल्या साली किती काड्या दिल्या, ते त्यांना तोंडपाठ होतं.

"माका आठवणा नाय," आप्पा म्हणाले.

"आप्पा, तुमका माझ्या लग्नाक कोण कोण जेवाक इल्ले ता आठवता."

"ता आठवता. ह्या नाय आठवत."

रोज ती विचारायची, रोज ते तेच सांगायचे आणि पायरीवर साचलेल्या पावसाच्या पाण्याकडे बघत बसायचे. असे तीन आठवडे गेले. आषाढातले तीन आठवडे म्हणजे कलमविक्रीचा भर. पलीकडच्या धक्क्यावर रोज ट्रक भरताना दिसायचे. वृषाली मातृवृक्षाच्या थोटकाशी उभी राहून ते मोजायची आणि स्वतःला समजावायची, की उद्या आप्पांना आठवेल, आणि मग आपल्याला सांगावंही लागणार नाही.

श्रावणातल्या पहिल्या सोमवारच्या आदल्या दिवशी, दुपारी, ती ओटीवर आली. आई तुळशीला पाणी घालत होती. हे काम जन्मभर आप्पांचं. आप्पा बाजूला पाटावर जेवत होते, चमच्याने. कोकणातल्या म्हाताऱ्याने माशाची कढी आणि भात चमच्याने खावा हे दृश्य तिला बघवेना.

"गेले वीस दिवस असाच चाल्लाहा," आई म्हणाली. "तुळशीक हात लावणत नाय, वासराक हात लावणत नाय. हाताक धरान उठवक गेलंय तर माकाय झिडकारतत."

वृषालीला जिल्ह्याला बर्वेबाईंकडे जायचं होतं. ती नमस्काराला वाकली. आप्पांनी दोन्ही हात पाठीमागे नेले.

"नको गो. लांबसूनच कर. तुझ्या घराकडेय झाडां असत."

वृषाली तिथेच खाली बसली. ती रडली, आणि रडतारडताच बोलली.

"आप्पा, तुमच्या हाताचा कायेक नाय. ह्या सगळा माझ्याकडसून इला. बुटक्यातसून."

आप्पांनी चमचा खाली ठेवला. गोठ्याकडे बघितलं.

"तेका कागद होतो ना? शिक्को मारलेलो?"

"होतो. तेव्हा जितके रोग ठावक होते तितके तपासले. ह्यो कोणाक ठावकच नव्हतो. आणि त्या काडये माका जाळूक सांगलेले. मी तुमच्यासाठी आणलंय."

"तुका ह्या कधी कळला?"

खोटं बोलायला अजूनही जागा होती. तिने ती घेतली नाही. "इलंय त्याच दिवशी."

आई तांब्या हातात धरून उभी राहिली. आप्पांनी ताट बाजूला सारलं. ते ओरडले असते तर वृषालीला बरं वाटलं असतं.

"माका वाटला, माझोच हात बाटलो," ते शेवटी म्हणाले. "साठ वर्सां ज्या हातान लोकांक दिलंय, त्याच हातान तेंच्या झाडांर कुऱ्हाड दाखवूची कशी? म्हटलंय, निदान पलीकडे तरी माझा नाव ऱ्हवांदे. म्हणान गप ऱ्हवलंय." मग हळूच म्हणाले, "तू पयल्या दिसाक सांगलं असतंस, तर मीय पयल्या दिसाक सांगलं असतंय."

यात राग नव्हता. हिशेब कलमाइतका साधा होता, आणि वृषालीला तो आयुष्यभर पुरणार होता.

"लिही," आप्पा म्हणाले.

एकेक नाव ते सांगत गेले. कुठल्या वाडीतला, कुठल्या साली, किती काड्या, विहिरीच्या कुठल्या बाजूला लावल्या. त्रेपन्न नावं झाली. मोठं नाव एकच होतं, पलीकडचा दिगंबर पडवळ. त्याला चार वर्षांपूर्वी चाळीस काड्या दिल्या होत्या. वृषालीने यादी बर्वेबाईंना पाठवली. रविवार असूनही विक्रीबंदीचे हुकूम संध्याकाळच्या आत निघाले. बर्वेबाईंनी पहिल्यांदाच तिला शाबास म्हटलं. आपला गुन्हा वृषालीने त्याच संदेशात खाली लिहिला होता. बाईंनी तिथवर वाचलं नसावं. त्या रात्री घरातल्या तिघांनाही झोप लागली. आशा फार वाईट असते, एवढ्याशा जागेत शिरते.

सोमवारी सकाळी आठ वाजता दिगंबर पडवळच होडीतून उतरला. एका हातात नारळ, दुसऱ्या हातात पिशवीतलं रोप. पन्नाशीचा, गोल चेहऱ्याचा, मनाने सरळ माणूस. त्याचा फोन घरी चार्जिंगला होता, हुकूम त्याने बघितलाच नव्हता. तो थेट पडवीत आला आणि आप्पांच्या पायांवर डोकं ठेवून मोकळा झाला.

"लोक काय व्हया ता बोलांदेत, आप्पा. डबो तो डबो. मी रीत मोडूचंय नाय. पयला कलम तुमच्याच हातचा."

"दिगू," आप्पा म्हणाले, "त्या चाळीस काडयेंचा काय केलंस?"

पडवळचा चेहरा उजळला. हेच सांगायला तर तो आला होता. "काय केलंय म्हणजे? चाळीसच्या चाळीस लागल्यो! तेंचीच बाग केलंय, मातृवृक्ष म्हणान. गेल्या हंगामात तेंच्या काडयेंची बारा हजार कलमां बांधलंय. आप्पा, शंभरात शंभर. एकय मेला नाय. तुमच्या हाताचो गुण!"

"ती बारा हजार आता कुठे आहेत?" वृषालीने विचारलं. गावची बोली तिच्या तोंडातून गेली होती, कचेरीतली भाषा आली होती.

"खय म्हणजे? गेली! शुक्रवारी शेवटचो ट्रक गेलो. वाडीत उभी करूक एक पिशवी उराक नाय."

"आणि पहिला कधी गेला?"

पडवळने आठवून बघितलं. "तुमी इलास ना डबो घेवन? तेच्या दोन दिसांनी."

आई आत निघून गेली. आप्पांनी डोळे मिटले. काही तरी बिघडलंय हे पडवळला जाणवलं, पण नेमकं काय ते कळेना, म्हणून त्याने नारळ पुढे केला. आप्पांचे हात मांडीवरून हलले नाहीत.

"माझ्यान आता व्हवचा नाय, दिगू."

"मगे चेडवान करूंदे," पडवळ समजुतीने म्हणाला. तो वृषालीकडे वळला आणि नारळ-रोप तिच्यासमोर ठेवलं. "बापाशीचो हात लेकीतच उतारता. घे गो, तुझ्या हातान होवंदे पयला."

वृषाली त्या रोपाकडे बघत राहिली. वीतभर उंचीचं, तांबूस कोवळ्या पानांचं, कोयीतून उगवलेलं रोप. त्याला अजून कोणाचाही चाकू लागलेला नव्हता.

तिने ते उचलून अंगणाच्या कडेला, सगळ्यांपासून लांब नेऊन ठेवलं. मग परत येऊन वही उघडली आणि पडवळला बसायला पाट दिला.

"दिगूकाका, कलमं कुठे कुठे गेली ते सांगा. सगळी गावं. आठवतील तशी."

पडवळला वाटलं, मुलीला कौतुक आहे. तो मांडी घालून ऐसपैस बसला आणि बोटांवर सांगू लागला. कारवार. अंकोला. तिथून पुढे धारवाडकडे दोन ट्रक. वलसाडला तीन, तिथला व्यापारी पुढे जुनागढला पाठवतो. कृष्णाकाठी आंध्रात दीड हजार. आणि, आवाज खाली आणत, एक कंटेनर बोटीने, बाहेरदेशी, तिथे म्हणे वाळवंटात बाग करणार आहेत. हिरवा शिक्का होता ना, कोणी अडवलं नाही.

वृषाली लिहीत होती. तिच्या पाठीवर काहीतरी टेकलं. आप्पा काठीचा आधार घेत तिच्यामागे येऊन उभे राहिले होते आणि त्यांनी तिच्या पाठीवर हात ठेवला होता. वीस दिवसांत त्यांनी कोणाला स्पर्श केला नव्हता. तिला आता आपल्या हाताने आणखी काही व्हायचं उरलेलं नाही, असं त्यांनी धरलं असावं. त्यांनी हात काढला नाही.

"हां, आणि कोल्हापूर ऱ्हवलाच," पडवळ म्हणाला. "लिवलंस?"

पान भरलं होतं. वृषालीने ते उलटलं.